त्रेसष्ट आणि छत्तीस

‘त्रेसष्ट’ हा शब्द जरा सावकाश म्हणून बघा. आधी काय ऐकू येतं? तीन. मग साठ. आता तोच आकडा फोनवर टाइप करा. आधी सहा, मग तीन.

आपल्याला ही उलटापालट जाणवत नाही, कारण सवय झालीय. सात-आठ वर्षांच्या मुलाला ती जाणवते. ते ऐकलेल्या क्रमानं लिहितं: ३६. आपण म्हणतो, चुकलं. खरं तर त्यानं नीट ऐकलेलं असतं.

मरोळ नाक्याच्या मेट्रो स्टेशनपासून थोडं आत, एका वस्तीतल्या खोलीत मी दर शनिवारी दुसरी-तिसरीच्या मुलांना गणित शिकवते. फळा नाही. जमिनीवर खडूनं आखलेली दोन घरं: डावीकडे दशक, उजवीकडे एकक. सामान म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या आणि रबर बँड. नियम एकच. सुट्या काड्या दहा झाल्या की त्या एककाच्या घरात राहू शकत नाहीत. रबर लावायचं, जुडी करायची आणि शेजारच्या घरात सरकवायची.

यातली एक मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. त्रेसष्टचे छत्तीस करून करून तिच्यावर ‘गणितात कच्ची’ असा शिक्का बसला होता. पहिल्याच महिन्यात तिची आई विचारायला आली, “ताई, हिला इंग्लिश मीडियमला टाकू का? तिकडे सिक्स्टी थ्री सरळ असतं ना.” त्यासाठी फी भरावी लागणार होती, आणि मुलीला पुन्हा पहिलीत बसावं लागणार होतं.

आईचा प्रश्न वेडगळ नव्हता. २०१९च्या जूनमध्ये हाच प्रश्न अख्ख्या महाराष्ट्रानं चघळला होता. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, त्रेसष्टला ‘साठ तीन’ असंही वाचायची पद्धत आली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्या अवघड जातात, गणिताची भीती बसते. त्यावर विनोदांचा पाऊस पडला. विधिमंडळातही आडनावांवर कोट्या झाल्या. मराठी बुडाली, असंही म्हणून झालं.

नॉर्वेत पूर्वी ‘तीन आणि साठ’ असं म्हणायचे. १९५१पासून तिथं सरकारनं ‘साठ तीन’ हा क्रम अधिकृत केला, कारण टेलिफोन नंबर सांगताना घोळ व्हायचे. जुनी पद्धत आजही लोकांच्या तोंडी आहे. भाषा काही बुडाली नाही. जर्मन मुलं मात्र अजूनही आधी तीन ऐकतात, मग साठ. आणि इंग्रजीही तितकी सरळ नाही. ‘सिक्स्टीन’मध्ये आधी सहा ऐकू येतं, पण लिहिताना ते शेवटी येतं.

म्हणजे नाव सोपं केल्यानं लिहिणं सुधारेल. पण लिहिणं सुधारलं म्हणजे कळलं, असं नाही. ही मुलगी काही आठवड्यांत ६३ बरोबर लिहायला लागली. मी सहावर बोट ठेवून म्हटलं, “एवढ्या काड्या दे.” तिनं सहा काड्या दिल्या. सुट्या.

तिची आई घरी इमिटेशन ज्वेलरीचं काम करते. कानातल्यांच्या जोड्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लावायच्या. पैसे ग्रोसच्या हिशेबानं. मी मुलीला विचारलं, घरी कसं मोजता?

“बारा कार्डं झाली की पाकीट. बारा पाकिटं झाली की ग्रोस.”

“आणि अकराच उरली तर?”

“ती सुटी. पुढच्या वेळी धरतात.”

स्थानिक किंमत याहून वेगळी काय असते? सुटं किती, पाकिटं किती, पाकिटांची पाकिटं किती. तिला ते येतच होतं, फक्त बाराच्या हिशेबानं. मी म्हटलं, “इथं दहाचं पाकीट.” तिनं काड्या पुढ्यात ओढल्या आणि रबर लावत सुटली. मग मी पुन्हा सहावर बोट ठेवलं. “सहा पाकिटं. साठ काड्या.” ती दशक म्हणाली नाही, पाकीट म्हणाली. मी ते तसंच राहू दिलं.

त्यानंतर मराठी शब्दच मदतीला यायला लागले. एकोणसाठ म्हणजे एक उणे साठ. सहा जुड्या घ्यायच्या आणि एक काडी काढायची. ती जुडी आता जुडी राहत नाही, रबर काढावं लागतं. उरतात पाच जुड्या आणि नऊ सुट्या. शब्द ‘साठला एक कमी’ म्हणतो, आकडा ‘पाच-नऊ’ म्हणतो, आणि जमिनीवर दोन्ही खरे दिसतात. तसाच ‘हातचा’. २८ आणि १५ मिळवताना सुट्या तेरा होतात. त्यातल्या दहांची जुडी बांधून दशकाच्या घरात ठेवेपर्यंत ती खरोखर हातातच असते. वहीत डोक्यावर लिहायचा तो बारीक १ कुठून येतो, हे मग समजावून सांगावं लागत नाही.

२०१९च्या त्या वादात माझं मत नारळीकरांच्या बाजूनं आहे. मुलाला ‘साठ तीन’ची पायरी लागत असेल तर ती द्यावी, आणि ‘त्रेसष्ट’ही राहू द्यावं. पण या दोन्हींच्या आधी सहा जुड्या आणि तीन काड्या त्याच्या हातातून जायला हव्यात. भांडण नावांवर झालं. काड्यांचा विषय फारसा निघालाच नाही.

आईनं अजून काही ठरवलेलं नाही. तिच्यासमोर फक्त मराठी-इंग्रजीचा प्रश्न नाही, पुढच्या कॉलेजचा आणि नोकरीचाही आहे. त्यावर मी काय बोलणार? मी तिला एवढंच सांगितलं, की गणितासाठी शाळा बदलायची गरज नाही आणि मुलगी कच्ची नाही. आई म्हणाली, “ते कळलं मला. परवा पाकिटं हिनंच मोजली. एक कमी होतं, ते मला नाही, हिला सापडलं.”