प्रश्न उद्भवत नाहीं

गेल्या महिन्यांत आठदहा दिवस आमच्या टेबलावर एक चमत्कारिक पुस्तक पडून होतें. त्याला कर्ता नव्हता, प्रस्तावना नव्हती, आणि अर्पणपत्रिका तर नव्हतीच. विधानसभेंतील तारांकित प्रश्नोत्तरांची ती एका दिवसाची छापील यादी होती. आमचा एक जुना विद्यार्थी सध्यां आमदार आहे. तो आम्हांस भेटावयास आला होता, आणि छत्री विसरावी त्याप्रमाणें ती यादी आमच्या घरीं विसरून गेला. दुपारची झोंप चुकविण्यास कांहीं तरी हातीं असावें म्हणून आम्हीं ती उघडली, आणि चहा आला तेव्हां आमचें मन तिच्यांत चांगलेंच रमलें होतें.

वाङ्मयाचा हा प्रकार पुष्कळ वाचकांच्या पाहण्यांत नसेल, म्हणून त्याचें थोडें वर्णन करतों. एका गांवच्या आरोग्यकेंद्रांत डॉक्टर नाहीं, एका पुलाचा कठडा वाहून गेला आहे, एका शाळेचें छप्पर गळतें, एका वस्तीस आठवड्यांतून एकदां पाणी येतें, असले विषय. परंतु विषय कोणताही असो, साचा एकच. पहिला पोटप्रश्न, "हें खरें आहे काय?" दुसरा, "असल्यास, याप्रकरणीं चौकशी केली आहे काय?" तिसरा, "असल्यास, त्यांत काय आढळून आलें व कोणती कारवाई केली?" आणि शेवटीं, आरतीनंतर मंत्रपुष्प यावें तसा ठरलेला चौथा, "नसल्यास, विलंबाचीं कारणें काय आहेत?" उत्तरेंही तशींच बेतलेलीं. "हें खरें नाहीं", किंवा फार तर "हें अंशतः खरें आहे". किती अंश, तें सांगण्याची चाल नाहीं. आणि त्याखालीं पानोपानीं एक वाक्य ध्रुवपदासारखें येतें: "प्रश्न उद्भवत नाहीं."

आमच्या खांद्यावरून दोनचार उत्तरें वाचून आमची पत्नी म्हणाली, "अहो, हीं तर आपल्या घरचीं उत्तरं. नळवाल्याला निरोप दिलात का, असं विचारलं कीं तुमच्याकडून हेंच ऐकायला मिळतं." आम्ही हंसलों. पण तें हंसूं फार वेळ टिकलें नाहीं. कारण असलें एक उत्तर कधीं काळीं आमच्याच हातून लिहिलें गेलें आहे.

ही गोष्ट २००१ सालची. आम्ही तेव्हां एका जिल्ह्याच्या गांवीं सरकारी महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवीत होतों, आणि मुलांच्या वसतिगृहाची देखरेखही आमच्याकडे होती. पावसाळा सुरू झाला आणि वसतिगृहाच्या जमिनीखालील टाकीस तडा गेला. शेजारून गटार जात होतें. मुलांनीं तांब्याभर पाणी आणून आमच्यापुढें धरलें. "सर, वास येतो," एवढेंच तीं म्हणालीं. आम्हीं वास घेतला. वास येत होता. "पाहूं," असें आम्ही म्हणालों आणि दुरुस्तीविषयीं संबंधित खात्यास पत्र लिहिलें. खात्यानें अंदाजपत्रक मागितलें. तें कोणीं करावयाचें, याविषयीं आणखी दोन पत्रें झालीं. मुलें पुन्हां दोनदां आलीं. आम्हीं त्यांस पत्रव्यवहाराची फाईल दाखविली. ती दाखवितांना आपण आपलें कर्तव्य केलें असें जें समाधान आम्हांस वाटलें, त्याची आज लाज वाटते.

सप्टेंबरांत दुसऱ्या वर्षाच्या एका मुलास कावीळ झाली. त्याचे वडील त्याला न्यावयास आले. शेतकरी मनुष्य, त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं, पाण्याचें नांवही काढलें नाहीं. जातांना हात जोडून फक्त इतकें विचारलें, "मास्तर, पोरगं माघारी आलं तर त्येची जागा ऱ्हाईल न्हवं?" जागा राहिली. मुलगा मात्र माघारीं आला नाहीं. दुखणें लांबलें, वर्ष गेलें, आणि पुढें शिक्षणच सुटलें.

नोव्हेंबरांत एके सकाळीं प्राचार्यांच्या फॅक्सयंत्रांतून एक कागद बाहेर आला. डोक्यावर ठळक अक्षरें होतीं: "विधानसभा तारांकित प्रश्न. अत्यंत तातडीचें." विधानभवनांतून मंत्रालयांत, मंत्रालयांतून संचालनालयांत, तेथून विभागीय कचेरींत, अशा पायऱ्या उतरत तो आमच्या दारीं आला होता. कोणा आमदारानें विचारलें होतें: आमच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांस पिण्याचें शुद्ध पाणी मिळत नाहीं, हें खरें आहे काय? असल्यास, त्यामुळें विद्यार्थी आजारी पडले, हेंही खरें आहे काय? असल्यास, जबाबदारी निश्चित करून कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाचीं कारणें काय?

त्यानंतरचे सहा दिवस आम्ही विसरणार नाहीं. जें अंदाजपत्रक चार महिन्यांत कोणास सुचलें नव्हतें, तें चार तासांत तयार झालें. तिसऱ्या दिवशीं गवंडी आला. सहाव्या दिवशीं टाकी उपसून, धुऊन, तडा बुजवून झाला. पाण्याचा नमुना तपासल्याचा दाखलाही आला. मग प्राचार्यांनीं आम्हांस बोलावून विचारलें, "आतां उत्तर काय लिहायचं?" आम्हीं कागद पुन्हां वाचला आणि आमच्यांतील तर्कशास्त्रज्ञ जागा झाला. पहिला पोटप्रश्न वर्तमानकाळीं होता! पाणी मिळत नाहीं काय? मिळतें आहे, दाखला जवळ आहे. आम्हीं लिहिलें, "(१) हें खरें नाहीं. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाहीं." प्राचार्य प्रसन्न झाले. "तर्कशास्त्राचा माणूस पदरीं असावा तो असा," असेंही ते म्हणाले. डिसेंबरांत नागपूरच्या अधिवेशनांत तो प्रश्न यादींत आला. परंतु तासाभरांत त्याचा क्रमांक लागला नाहीं, आणि आमचें उत्तर एक अक्षरही न बदलतां मंत्र्यांच्या नांवानें पटलावर ठेवलें गेलें.

येथें आमच्या व्यवसायास स्मरून एक कबुली दिली पाहिजे. 'पाऊस पडला तर रस्ता भिजेल; पाऊस पडला नाहीं; म्हणून रस्ता भिजला नाहीं' हें अनुमान सदोष आहे, असें आम्ही दरवर्षीं पहिल्या सत्रांत शिकवितों; कारण रस्ता पाण्याच्या टँकरानेंही भिजतो. पूर्वांग नाकारलें म्हणून उत्तरांग नाकारलें जात नाहीं. आमच्या उत्तरांत नेमका हाच दोष होता. 'आज पाणी अशुद्ध नाहीं' एवढ्यावरून 'मुलगा आजारी पडला कीं नाहीं' याचा कांहींच निर्णय होत नव्हता. पण त्या मुलाची कावीळ 'असल्यास' या एका शब्दाच्या दोरीनें पहिल्या पोटप्रश्नास बांधलेली होती. आम्हीं ती दोरी कापली आणि कावीळ कागदावरून नाहींशी झाली. पहिल्या ओळींतील प्रत्येक शब्द खरा होता, आणि सबंध उत्तर असत्य होतें.

मंत्री उत्तर देतात, असें आपण म्हणतों. वस्तुतः मंत्री तें वाचतात. तें बहुधा लिहितो तोच मनुष्य, ज्याच्याविरुद्ध तक्रार असते. हें ओळखूनच कीं काय, पूर्वीच्या लोकांनीं मूळ प्रश्नापेक्षां त्यामागून येणाऱ्या उपप्रश्नासाठीं अधिक हट्ट धरला. १८६१ च्या कायद्यानें निघालेल्या कौन्सिलांत सभासदांस प्रश्न विचारण्याचाच अधिकार नव्हता. तो १८९२ च्या कायद्यानें आला. पण उत्तर मिळालें कीं खालीं बसावयाचें, त्यावर आणखी विचारावयाचें नाहीं. १९०९ च्या सुधारणांनीं मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्नाची मुभा मिळाली, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांसही मिळाली. फर्ग्युसन महाविद्यालयांतील एक प्राध्यापक, गोपाळ कृष्ण गोखले, १८९९ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत गेले तेव्हां सरकारचें पहिलें उत्तर हेंच शेवटचें उत्तर असे. "हें खरें नाहीं" या भिंतीस भगदाड पाडण्याचें एकच हत्यार असतें, तें म्हणजे दुसरा प्रश्न. आमच्यावर नागपुरांत तो आला नाहीं, इतकेंच आमचें भाग्य.

कागदावरचें खरें आणि पाणवठ्यावरचें खरें यांतील अंतर महाराष्ट्रानें याहून फार मोठ्या प्रसंगीं पाहिलें आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कौन्सिलांत ठराव मांडून संमत करून घेतला, कीं सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं त्यास अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचा ठरावही केला. १९२५ सालीं कौन्सिलांत कोणीं विचारलें असतें, कीं महाडचें तळें सर्वांस खुलें नाहीं हें खरें आहे काय, तर ठरावाची नक्कल जोडून "हें खरें नाहीं" असें निर्धास्त लिहितां आलें असतें. प्रत्यक्षांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारों सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हां त्यांस मार खावा लागला. आणि हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागण्यास १९३७ साल उजाडलें. आमच्या टाकीची महाडशीं तुलना करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु पाणी ओंजळींत येईपर्यंत तें मिळालें असें म्हणूं नये, हा धडा दोहोंकडे एकच आहे.

सुशिक्षित मंडळींत या प्रश्नांविषयीं एक तुच्छता आढळते, आणि ती आमच्याही ठायीं होती. राज्याच्या विधानसभेनें मोठीं धोरणें पाहावींत. नळ, गटार, दिवे हे नगरपालिकेचे विषय, असें आपण म्हणतों. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांसाठीं अठरा विषयांची यादीही घटनेंत घातली, आणि तींत पाणीपुरवठा आहेच. पण ज्याचें गाऱ्हाणें गल्लींत ऐकलें जात नाहीं तो तें राजधानींत नेतो, यांत नवल काय? या अधिकाराचा बाजारही झालेला आहे; प्रश्न विचारण्यासाठीं पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्यें संसदेच्या अकरा सभासदांस सभासदत्व गमवावें लागलें. तरीही सप्टेंबर २०२० मध्यें, साथीच्या दिवसांत, संसदेचें अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासावांचून झालें, तेव्हां घरांतलें घड्याळ बंद पडल्यासारखें आम्हांस वाटलें. एरव्हीं त्याच्याकडे आम्ही पाहतही नव्हतों.

विसरलेली यादी नेण्यास आमचा विद्यार्थी परत आला. आम्हीं विचारलें, "हीं असलीं उत्तरें वाचून तुला कंटाळा येत नाहीं?"

तो म्हणाला, "सर, उत्तर वाचायचं नसतं. प्रश्न खालीं गेल्यावर पंधरा दिवसांत तिथं काय काय हलतं, तें बघायचं. आपल्या होस्टेलची टाकी आठवते ना? माझाच खोलीसोबती आजारी पडला होता. मीं आणि आणखी दोघांनीं आमदारांना पोस्टकार्ड टाकलं होतं. टाकी दुरुस्त झाली, त्या दिवशीं मला पहिल्यांदा वाटलं, कीं हें काम करण्यासारखं आहे."

पंचवीस वर्षांत जी गोष्ट आम्हीं कोणास सांगितली नव्हती, ती सांगण्यास याहून दुसरी वेळ येणार नाहीं, असें आम्हांस वाटलें. आम्ही म्हणालों, "त्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं लिहिलें होतें."

तो कांहीं वेळ गप्प राहिला. तें उत्तर त्याच्या पाठ होतें, असें मागाहून कळलें. "मग आम्हांला तें खोटं ठरवतां आलं नाहीं, तें त्यामुळं," असें तो म्हणाला. त्याच्या आवाजांत राग नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. त्या मुलाविषयीं आम्हीं विचारलें. तो गांवींच शेती करतो, आणि त्याची मुलगी आतां महाविद्यालयांत आहे, असें कळलें.

थोड्या वेळानें त्यानें पिशवींतून एक कागद काढला. त्याच्या तालुक्यांतील एका रुग्णालयांत सर्पदंशावरील लस वेळेवर मिळत नाहीं, अशी तक्रार होती, आणि पुढील अधिवेशनासाठीं प्रश्न लिहावयाचा होता. "सर, 'हें खरें नाहीं' असं लिहितां येणार नाहीं, असा मांडून द्या," तो म्हणाला. आम्हीं चष्मा लावला. प्रथम वर्तमानकाळ काढून टाकला. 'लस उपलब्ध नाहीं' याऐवजीं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कोणकोणत्या दिवशीं साठा शून्य होता, असें विचारलें. मग त्या दिवसांत किती रोगी पुढें दुसरीकडे पाठविले, हा पोटप्रश्न घातला; आणि त्यामागील 'असल्यास' खोडून तो स्वतंत्र उभा केला, म्हणजे पहिला पडला तरी त्याच्याबरोबर दुसरा पडूं नये. एक पान लिहिण्यास दोन तास लागले. एवढी काळजी आम्हीं कोणत्याही परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर घेतली नव्हती.

दिवेलागणीस तो कागद घेऊन गेला. तिकडील रुग्णालयांत एखादा आमच्यासारखाच हुशार मनुष्य त्याचें उत्तर लिहावयास बसेल. त्याला यांत पळवाट सांपडूं नये, आणि तत्पूर्वीं कपाटांत लस यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.