वैशाखातील आमची बाग

ज्या इंग्रजी ग्रंथांवर आमचे पोषण झाले, त्यांतील ग्रीष्म हा मोठा सुस्वभावी ऋतू आहे. त्यात हिरवळीवर सहली निघतात, लांबलेल्या संध्याकाळी कोणी तरी कोणाच्या तरी प्रेमात पडते, आणि ऊन पडले म्हणून लोक एकमेकांचे अभिनंदन करतात. हा ग्रीष्म आम्ही चांदवडच्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. वर्गाच्या खिडकीतून दिसणारे डोंगर तेव्हा वाळक्या गवताच्या रंगाचे होऊन बसलेले असतात, आणि पुढच्या बाकावरचा एखादा शेतकऱ्याचा मुलगा आमच्याकडे अशा काही दयेने पाहतो, की आम्ही घाईघाईने पान उलटतो.

सह्याद्रीने पावसाचे दान आपल्या पदरात घ्यावे आणि उरलेसुरले पूर्वेकडे सोडावे, हे या भागाचे प्राक्तन आहे. गावात होळकरांचा रंगमहाल आहे. ज्या अहिल्याबाईंनी देशभर विहिरी आणि घाट बांधले, त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला. हा केवळ योगायोग आहे हे आम्ही जाणतो. तरी रिकामा हंडा पाहिला की तो आठवल्यावाचून राहत नाही.

अशा गावी घरामागे बाग करणे हे खरे पाहता धाडसच. तिला आम्ही मोठ्या अभिमानाने स्वदेशी म्हणत असू. पुढे चौकशी करता कळले, की पेरू आणि पपई अमेरिकेतून आलेली, बोगनवेल त्याच खंडाच्या दक्षिणेकडची, तर सदाफुली मादागास्करची! अस्सल घरचा म्हणावा असा एक कडुनिंब; आणि आईने लावलेला मोगरा व ओसरीवर चढलेली जाई. परंतु वैशाखात हा वंशभेद उरत नाही. बोगनवेल पाण्यावाचून अधिकच रंगते, आणि ज्यांना आपण तिच्या पाकळ्या समजतो ती रंगीत पानेच असल्यामुळे तिचा थाट पुष्कळ दिवस टिकतो. बाकीची मंडळी मात्र माना टाकून आमच्या बादलीची वाट पाहतात.

गिल्बर्ट व्हाइटने आपल्या सेलबर्न गावच्या जीवसृष्टीवर लिहिलेला ग्रंथ १७८९ साली निघाला. तो वाचल्यापासून आम्हांसही एक वही ठेवण्याची हौस जडली. सुट्टीतल्या दुपारी कडुनिंबाखाली पाण्याचे परळ ठेवून आम्ही ओसरीवर बसतो. आधी येतात ते सातभाई. पाण्यापेक्षा भांडणच त्यांना अधिक लागते. मग साळुंक्या, होले, आणि दोन घोटांमध्ये चारदा मागे वळून पाहणारी खार. मधमाश्या परळाच्या काठावर ओळीने बसून पाणी भरतात. ते त्या पोळे थंड ठेवण्यासाठी नेतात, हे कळल्यापासून त्यांना हाकलण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. साऱ्या गावाने दारे लावून घेतली, तरी तांबटाची टुकटुक चाललेलीच असते. जणू त्याला कोणी रोजमुरा बांधून दिला आहे.

२०१९ सालच्या उन्हाळ्यात मात्र या वहीत आम्ही फार थोडे लिहिले. आदल्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. त्या ऑक्टोबरात सरकारने राज्यातील १५१ तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले होते. विहिरीने तळ दाखविला, आणि आमच्या घरीही विकतचा टँकर येऊ लागला. काटकसर करून रोज दोन बादल्या बागेस देता येत. एक मोगऱ्याला, एक जाईला. बाकीच्यांना आम्ही मनातल्या मनात निरोप दिला होता.

एके सकाळी मोगऱ्याला पाणी घालीत असता घरकामास येणाऱ्या मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ओंजळभर कळ्या पाहून आम्ही खुशीत होतो. त्या म्हणाल्या, "झाडांचं नशीब चांगलं हाये, सर. आमच्या वस्तीवर टँकर चार दिसांनी येतो." त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. टोमण्यास उत्तर देता येते.

त्या दिवशी जेवताना फारसे कोणी बोलले नाही. शेवटी सौभाग्यवतींनीच निर्णय दिला: एक बादली मावशींच्या घरी जाईल. राहिली एक. मोगरा आईच्या हातचा. पण जाईच्या जाळीत लालबुड्या बुलबुलाने घरटे केले होते आणि त्यात तांबूस ठिपक्यांची तीन अंडी होती. वेल वाळली असती तर घरटे उघडे पडले असते. आम्ही जाईला पाणी घातले. मोगऱ्यावरून जाताना त्याच्याकडे पाहायचे नाही, असा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला आणि तो रोज मोडला.

पंधरवड्यात पिले बाहेर आली. नंतर चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी मोठा कालवा झाला. धावत जाऊन पाहतो तो जाईतून एक भारद्वाज जड पावलांनी बाहेर पडत होता. ज्याचे दर्शन शुभ म्हणून आई हात जोडावयास सांगे, तोच हा पक्षी! घरट्यात काही उरले नव्हते. त्याच्यावर रागावण्याचाही आम्हांस अधिकार नव्हता. त्याचीही पिले कुठे तरी चोच उघडून बसली असतील.

"आता जाईचे पाणी मोगऱ्याला द्यायचे का?" सौभाग्यवतींनी विचारले. आम्ही दिले, परंतु उशीर झाला होता. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईलाच २५ जूनला पोहोचला, मग आमच्याकडची कथा काय सांगावी! पाऊस आला तेव्हा जाईने नवी पालवी धरली. मोगरा काही फुटला नाही.

एका बादलीने मावशींची तहान भागली, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. बुलबुलालाही आम्ही वाचवू शकलो नाही. हिशेब मांडावयास बसलो तर जमेच्या बाजूस लिहावे असे काही सापडत नाही. तरी तीच निवड पुन्हा करण्याची वेळ आली, तर आम्ही दुसरे काय करू, हे आम्हांस अजून सुचलेले नाही.

मोगऱ्याच्या जागी आम्ही नवे झाड लावले नाही. वैशाख लागला की पाण्याचे परळ आता तेथे ठेवतो. सातभाई येतात, भांडतात, पाणी पितात. कधी कधी भारद्वाजही येतो. त्याच्यासाठीही पाणी असतेच.