मुशी माणसामागे येत नाही, माशामागे येते



आज द्राक्ष आणि कांदा बाजूला ठेवून समुद्रातली नोंद लिहितोय. सायखेड्याचा माणूस समुद्रावर काय लिहिणार, असं वाटेल. पण वाचून ठेवा, ऊसतोडीच्या वेळी कामाला येईल.

आपली गोदावरी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि नाशिक, सायखेडा, नांदूर मधमेश्वर करत पूर्वेला निघून जाते, हे आपल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. त्याच त्र्यंबकच्या डोंगरातून दुसरी नदी निघते, वैतरणा. ती उलटी, पश्चिमेला जाते. इगतपुरीकडून घाट उतरते, पालघर जिल्ह्यात शिरते आणि साधारण दीडशे किलोमीटर चालून अर्नाळा-दातिवऱ्याजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचं काही पाणी आपल्या पुलाखालून जातं आणि काही पाणी मुशीच्या तोंडाशी. मुशी म्हणजे शार्क. कोकणात कुणी मुशी म्हणतं, कुणी मोरी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच वैतरणेच्या खाडीत, मनोरजवळ, मासे धरायला पाण्यात उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. मनोर हे काही समुद्रकिनाऱ्यावरचं गाव नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं, बरंच आतलं गाव. त्यामुळे बातमी आली तेव्हा सगळ्यांचा प्रश्न एकच होता, की नदीत शार्क आली कशी? "वाट चुकून आली" असं उत्तर लोकांनी देऊनही टाकलं.

ती वाट चुकलेली नसते. बुल शार्क नावाची जात गोड्या पाण्यातही राहते. बाकीच्या बहुतेक शार्क गोड्या पाण्यात टिकत नाहीत, कारण अंगातल्या मिठाचा हिशोब बिघडतो. बुल शार्कचं मूत्रपिंड आणि यकृत तो हिशोब पाण्याप्रमाणे बदलून घेतं. अॅमेझॉन नदीत ही शार्क समुद्रापासून हजारो किलोमीटर आत, पेरू देशातल्या इक्विटोसपर्यंत सापडलेली आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदीत १९३७ साली पार इलिनॉय राज्यातल्या ऑल्टनपर्यंत गेली होती. शिवाय मादी पिल्लं द्यायला मुद्दाम खाडीत, नदीच्या मुखात येते. तिथं मोठ्या शार्क कमी असतात, त्यामुळे पिल्लं वाचतात आणि त्यांना खायला बारीक मासळी भरपूर मिळते.

आता हे वाचून निफाड तालुक्यातल्या माणसाला काय आठवेल? आपला ऊस. बिबट्याची मादी उसात का विते? लपायला जागा, जवळ पाणी आणि आसपास कुत्री-शेळ्या. आपणही म्हणतो, "बिबट्या चुकून शिवारात आला." तो चुकून आलेला नसतो. कित्येक बिबटे उसातच जन्मलेले आणि उसातच वाढलेले असतात. त्यांच्यासाठी तेच जंगल.

माझा भाचा नोकरीनिमित्त बोईसरला राहतो. त्याला कयाकवर मासे धरायचा नाद आहे. कयाक म्हणजे एक-दोन माणसांची, अरुंद, प्लास्टिकची होडी. इंजिन नाही, दोन्ही बाजूंना वल्हं मारायचं. एप्रिलअखेर खरड छाटणी उरकली की बागेला दोन दिवस माणूस नसला तरी चालतं, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो होतो. केळव्याचे पानमळे बघायचे होते, ते बघितले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला लाईफ जॅकेट घातलं आणि दोन माणसांच्या कयाकवर पुढं बसवलं.

किनाऱ्यापासून फार लांब गेलो नव्हतो. पाणी गढूळ होतं. तासाभरात त्याने दोन शिंगाळे काढले. शिंगाळ्याचा काटा विषारी, म्हणून पकडीने धरून, गळ सोडवून त्याने ते लगेच बर्फाच्या पेटीत टाकले आणि झाकण लावलं. मी विचारलं, "बाहेर जाळीच्या पिशवीत सोड की पाण्यात, जिवंत राहतील." तो म्हणाला, "मामा, इथं पिशवी लटकवायची नाही." एवढंच बोलला.

तिसरा मासा मोठा लागला. काठी वाकली, रीलवरची दोरी कर्र करत सुटायला लागली. दोन-तीन मिनिटं त्याने तो खेळवला आणि एकदम ओढ दुप्पट झाली. कयाकचं तोंड फिरलं. मग ओढ गेली आणि दोरी हलकी झाली. वर आलं ते शिंगाळ्याचं फक्त डोकं. मागचा भाग कोयत्याने तोडावा तसा अर्धगोल साफ गेलेला. आणि आमच्या डाव्या हाताला पाण्याखालून एक करडी सावली निघून गेली. कयाक बारा फुटांची होती, सावली तिच्या निम्मी भरली असती.

भाच्याने आरडाओरडा केला नाही. "मामा, पाय वर घ्या. हलू नका." ते उरलेलं डोकं त्याने पाण्यात टाकलं नाही, पेटीत टाकलं. हाताला लागलेलं रक्त पाण्यात धुतलं नाही, फडक्याला पुसलं. दोरी गुंडाळली आणि वल्हं पाण्यावर न आपटता, हळूहळू किनाऱ्याकडे निघाला. सावली एकदा परत दिसली, जरा लांब. मग नाही दिसली. वाळूला कयाक लागेपर्यंत मी पाय खाली सोडले नाहीत. खोटं कशाला सांगू, तोंडाला कोरड पडली होती.

किनाऱ्यावर चहा घेताना त्याने सांगितलं, हे सगळं तो तिथल्या म्हाताऱ्या कोळ्यांकडून शिकला. त्यांचं म्हणणं, मुशीला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. तुमच्या गळाला लागलेला मासा तडफडतो, त्यावर ती येते.

घरी आल्यावर मी यावर वाचलं, तर शास्त्रही तेच सांगतं. शार्कला रक्ताचा वास लांबून लागतो. अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिच्यातून पाण्याचं बारीक हलणं कळतं. जखमी माशाची तडफड निरोगी माशाच्या पोहण्यापेक्षा वेगळी असते, ती तिला बरोबर ओळखू येते. नाकाडावर बारीक छिद्रं असतात, त्यांत जेलीसारखा पदार्थ भरलेला. जिवंत प्राण्याच्या स्नायूंतून जी अगदी थोडी वीज निघते, ती त्यातून समजते. खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे तडफड, वास आणि बाजूला लटकणारा पाय यातला फरक तिला चावल्यावरच कळतो. माणसाला बहुतेक वेळा ती एकदा चावून सोडते. पण एका चाव्यातही पाय जातो.

मे २०२३ मध्ये हवाईच्या ओआहू बेटाजवळ कयाकवर मासे धरणाऱ्या माणसाला टायगर शार्कने येऊन धडक दिली. त्याच्या कॅमेऱ्यात ते सगळं आलं आणि जगभर बघितलं गेलं. त्याने पाय वर घेऊन तिला ढकललं आणि वाचला. असे व्हिडिओ बघून वाटतं समुद्र शार्कनेच भरलाय. पण हिशोब बघा. २०२४ साली जगभरात माणसाने छेड न काढता शार्क चावल्याच्या ४७ घटना नोंदल्या गेल्या, त्यात चार माणसं गेली. आणि आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात साप चावून वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. भीती कशाची धरायची आणि रात्री पाणी भरायला जाताना बॅटरी आणि गमबूट विसरायचे नाहीत, हे आकड्यावरून ठरवावं.

उलट बाजूने बघितलं तर मुशीच जास्त धोक्यात आहे. आपल्या किनाऱ्यावर बाजारात येते ती बहुतेक बारीक मुशी, दोन-अडीच फुटांच्या आतली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिचं कालवण देतात. मोठ्या शार्क उशिरा वयात येतात आणि पिल्लं थोडी देतात, त्यामुळे मारलेल्यांची भरपाई लवकर होत नाही. व्हेल शार्कला २००१ पासून वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या राज्यात डिसेंबर २०१८ पासून, असा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याची भरपाई २५ हजार रुपयांपर्यंत मिळते. बिबट्याने गाय-शेळी मारली की आपल्याला जशी भरपाई मिळते, तशीच ती सोय.

आता आपल्या शिवारात येऊ. शेजारच्या नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो ते काढलं. वजनाच्या हिशोबाने त्याचं ८७ टक्के खाणं पाळीव जनावरांचं होतं आणि त्यात एकटी कुत्रीच ३९ टक्के. म्हणजे बिबट्या वस्तीवर येतो तो कुत्र्यामागे, शेळीमागे. तिथं एखादं लहान पोर अंधारात एकटं बसलेलं असेल, किंवा कुणी वाकून गवत कापत असेल, तर ते त्याला जनावराएवढंच दिसतं. पाण्यात लटकणाऱ्या पायाचं जे होतं, तेच.

दिसला की पिंजरा लावा, पकडा, लांब सोडा, ही मागणी आपल्याकडे लगेच होते. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने ती करणं समजू शकतो, आणि माणसावर आलेला बिबट्या पकडलाच पाहिजे. पण जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे सरसकट पकडून दुसरीकडे सोडले गेले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, असं याच संशोधकांनी दाखवून दिलं. ओढून आणणारी गोष्ट जागेवरच राहिली, तर एक जनावर नेल्यावर त्या जागी दुसरं येतं.

म्हणून भाच्याचे नियम आणि आपले नियम शेजारी शेजारी लिहून ठेवतोय.

१. धरलेला मासा पाण्यात लटकवायचा नाही, झाकणाच्या पेटीत ठेवायचा. आपल्याकडे शेळी-वासरू दाव्याला उघड्यावर नाही, चारी बाजूंनी आणि वरूनही बंद गोठ्यात.

२. मासा होडीवर साफ करून घाण पाण्यात टाकायची नाही. आपल्याकडे कोंबडीची घाण, मेलेलं वासरू बांधावर किंवा नाल्यात टाकायचं नाही. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या.

३. नदीच्या मुखाशी, गढूळ पाण्यात, पहाटे आणि दिवेलागणीला पाय पाण्यात सोडायचे नाहीत. आपल्याकडे त्याच वेळेला उसाच्या कडेला बसायचं नाही, वाकून काम करायचं नाही, पोरांना एकटं पाठवायचं नाही.

४. एकट्याने जायचं नाही, लाईफ जॅकेट सोडायचं नाही. आपल्याकडे रात्रीच्या लाईटला पाणी धरायला दोघं जा. हातात बॅटरी, काठी, आणि मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा.

५. मुशीने मासा पळवला तर ओढाताण न करता दोरी कापायची. मासा गेला तर गेला. बिबट्याने शेळी धरली तर काठी घेऊन मागे धावायचं नाही. शेळीची भरपाई मिळते.

६. ऊस चारी बाजूंनी तोडत आत जायचं नाही. एका बाजूने, आवाज करत तोडा आणि समोरची बाजू त्याला निघून जायला मोकळी ठेवा. मजुरांच्या कोप्या उसाला लागून टाकू देऊ नका, त्यांची पोरं बांधावर झोपवलेली असतात. बछडे दिसले तर हात न लावता तोड थांबवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा. बछडे त्याच जागी ठेवले की आई बहुतेक वेळा रात्री येऊन घेऊन जाते. बछडे हलवले तर चिडलेली आई शिवारात फिरत राहते.

हे सगळं पाळूनही धोका शून्य होत नाही. मनोरचा तो तरुण मासे धरायलाच पाण्यात उतरला होता, आणि आपल्यालाही रात्रीच्या लाईटला उसात जावंच लागतं. दिवसा पुरेशी वीज मिळावी ही मागणी आपण बिबट्यासाठीही केली पाहिजे, ते पिंजऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. तोपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं करू. आमच्या वस्तीवर या आठवड्यात गोठ्याला वरून जाळी मारतोय. टोळी यायच्या आधी कोप्यांची जागाही उसापासून लांब, रस्त्याच्या कडेला साफ करून ठेवणार आहे. ज्यांची तोड जवळ आलीय त्यांनी निदान ही दोन कामं आधी करून घ्या.