पोवळ्यांच्या खडकाला लागणारे घाव

आम्ही राहतो त्या पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज या गावाला समुद्र नाही. चोहोबाजूंना डोंगर व शेते, आणि मध्ये पेन स्टेट विद्यापीठ. तरीही प्रवाळांचा अभ्यास येथे वर्षानुवर्षे होत आला आहे. आमची मुले सुट्टीत एलातला नातेवाइकांकडे जातात, भारतात गेली की मालवणला. आणि दोन्हीकडे पाण्यात बुडी मारून पोवळी पाहण्याचा बेत ठरलेला असतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

पोवळे म्हटले की आपल्याला दागिन्यातला लाल मणी आठवतो. तो भूमध्य समुद्रातील निराळ्या जातीचा. खडक बांधणारे प्रवाळ म्हणजे इवल्याशा जिवांची वसाहत. हे जीव चुनखडीचे घर बांधतात आणि वर त्यांची कातडी पातळ पापुद्र्यासारखी असते. गोलाकार जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. म्हणजे हाताएवढा गोळा व्हायला कित्येक वर्षे लागतात, आणि मोडायला एक लाथ पुरते.

आपल्या पूर्वजांचे जहाज नौगावच्या किनाऱ्याजवळ फुटले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. जहाज आदळले की माणसांचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. खडकाचे काय होते, ते फ्लोरिडात दिसले. ४ ऑगस्ट १९८४ रोजी ‘वेलवूड’ हे १२२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज की लार्गोजवळच्या मोलॅसेस रीफवर चढले आणि बारा दिवस तेथे रुतून राहिले. ५,८०५ चौरस मीटर जिवंत प्रवाळ नष्ट झाले. त्या जागेची दुरुस्ती व्हायला २००२ साल उजाडले.

प्रवाळ मोडला की सर्वच संपते असे नाही. फांद्यांच्या जातींचा तुटलेला तुकडा घट्ट जागी टेकला तर पुन्हा रुजतो. कॅरिबियन समुद्रातील एल्कहॉर्न प्रवाळ असाच पसरतो. एकाच बीजापासून तुकड्यातुकड्यांनी वाढलेल्या काही वसाहतींचे वय पाच हजार वर्षांहून अधिक असावे, असा अंदाज पेन स्टेटच्या संशोधकांनी २०१६ साली मांडला. पण वरचेवर घाव बसू लागले तर हा उपाय चालत नाही. जखम भरण्यात शक्ती खर्च होते, वाढ आणि अंडी घालणे मागे पडते. उघड्या जखमेवर शेवाळ चढते, रोग शिरतात. चुऱ्याचा ढीग लाटांबरोबर लोळत राहतो आणि त्यावर नवे पिल्लू टिकत नाही.

एलातच्या जेमतेम बारा किलोमीटर किनाऱ्यावर वर्षाला अडीच लाखांहून अधिक बुड्या होत होत्या, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. तांबड्या समुद्राच्या या टोकाचे प्रवाळ उष्णतेला इतरांपेक्षा चिवट समजले जातात. जगभर पाणी तापत असताना जे तगण्याची आशा आहे, तेच आपल्या पायाखाली मोडावे, हे मनाला लागते.

मालवणचा समुद्र १९८७ साली अभयारण्य झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पर्यटकांना पोवळी दाखवून अनेक घरे चालतात. तेथे नांगर पडला किंवा नवखा माणूस प्रवाळावर उभा राहिला, तर नुकसान त्याच होडीवाल्याच्या ताटातले. मुंबईत किनारी रस्त्यासाठी २०२० साली वरळी व हाजीअलीच्या १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. उचलण्यापेक्षा मुळातच न मोडणे स्वस्त, हे कोणीही सांगेल.

तेव्हा वाचक बंधुभगिनींनो, मुलांना समुद्रावर पाठवताना एवढे सांगा: आधी पोहणे पक्के करा. दमलात तर तरंगा, खडकावर उभे राहू नका. पायातील पंखांनी वाळू उडवू नका. हात लावू नका, तुकडा आठवण म्हणून घरी आणू नका. होडीवाल्याला आदराने विचारा, “काका, नांगर कुठे टाकता? बोया आहे का?” बोयाला बांधणारा होडीवाला मिळाला तर दोन पैसे जास्त द्या आणि त्याचे नाव इतर पाहुण्यांनाही सांगा.

आमच्या मुलांना आम्ही एवढेच बजावले आहे. त्यांच्या नातवंडांनाही एलातला आणि मालवणला काही पाहायला उरावे, ही आमची मनापासूनची इच्छा.