शिवडीचा करडा बगळा

बगळा म्हटला की तो पांढराच, अशी आपली लहानपणापासूनची समजूत! ती पारखायची असेल, तर हार्बर लाइनने शिवडीला उतरून खाडीकाठी जावे. ओहोटीने चिखल उघडा पडला, की तिवरांच्या कडेला पाटीच्या रंगाचा एक बगळा दिसतो. गळा तेवढा पांढरा, जणू रुमालच बांधलेला. हा समुद्रबगळा.

पण खरी गंमत पुढेच आहे. याच जातीत पांढरेशुभ्र पक्षीही असतात! मग शेजारच्या लहान बगळ्यांतून ते ओळखायचे कसे? रंग विसरावा आणि चोच पाहावी. लहान बगळ्याची चोच काळी, सडपातळ. याची जाडसर, पिवळट-तपकिरी. पायांच्या पिवळ्या बोटांवर विसंबू नये. ती दोघांचीही असतात. चालही पाहावी. हा उथळ पाण्यात दबकत जातो, मध्येच झिंगल्यासारखा धावतो आणि मासळी टिपतो.

गायबगळा गुरांमागे फिरून शेतात पोट भरील. समुद्रबगळ्याचा संसार मात्र भरती-ओहोटीशी बांधलेला. चिखलावर भराव पडला, की त्याची चूल विझली. ठाणे खाडीला २०२२ साली पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळाले. २०२४ साली शिवडीहून अटल सेतू सुरू झाला. दोन्ही नांदावीत, एवढीच इच्छा.

सुट्टीत मुलांना अवश्य न्या. भरती लागली, की पक्षी काठाकडे सरकतात. तेवढी वेळ साधा.