लाकडी यो-योचे वर्ष

लाकडी यो-यो म्हणजे आसाने जोडलेल्या दोन कातीव तबकड्या आणि त्या आसाभोवती घातलेला सुती दोरीचा फास. आस तबकड्यांत पक्का बसवलेला असतो. तबकड्या फिरल्या की तोही फिरतो आणि फास त्याच्यावर घासत राहतो. आज स्पर्धांत दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या यो-योत दोरी आणि आस यांच्यामध्ये बॉल बेअरिंग असते. त्याने घर्षण जवळजवळ नाहीसे होते आणि यो-यो दोरीच्या टोकाशी काही मिनिटेही फिरत राहू शकतो. लाकडी यो-योला मुरलेल्या हाताकडूनही दहा-वीस सेकंद मिळतात. तरीही काही खेळाडू बेअरिंगचे यो-यो पेटीत ठेवून वर्षभर फक्त लाकडी यो-यो खेळण्याचा नेम करतात. काळ वर्षाचाच का, याचे उत्तर लाकडात आहे. एका यो-योची ओळख पटायची तर तो उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि थंडीत, तिन्ही ऋतूंत हातात असावा लागतो.

खेळणे जुने आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील एका ग्रीक पात्रावर दोरीला लावलेली तबकडी खेळवणारा मुलगा रंगवलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या उच्चभ्रूंत त्याचे वेड पसरले होते. मात्र आजच्या खेळाला कलाटणी मिळाली ती फिलिपिन्समधल्या एका साध्या युक्तीने. युरोपातल्या यो-योत दोरी आसाला घट्ट बांधलेली असे, त्यामुळे तो खाली जाई आणि लगेच वर येई. फिलिपिनो पद्धतीत एकच लांब दोरा मध्यावर दुमडून त्याला पीळ देतात आणि दुमडीचा फास आसाभोवती सैल सोडतात. टोकाशी पोचलेला यो-यो या फासात फिरत राहतो. खेळाडू याला ‘स्लीपर’ म्हणतात. पेड्रो फ्लोरेस या फिलिपिनो स्थलांतरिताने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे असे यो-यो बनवायला सुरुवात केली. पुढे डोनाल्ड डंकन यांनी तो व्यवसाय विकत घेतला. १९४६ मध्ये डंकन कंपनीने विस्कॉन्सिनमधील लक या छोट्या गावी कारखाना काढला, कारण त्या परिसरात मॅपलचे कठीण लाकूड मिळे. १९६५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ‘यो-यो’ या नावावरचा कंपनीचा हक्क अमान्य केला आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. तोवर प्लॅस्टिकनेही बाजारात जागा मिळवली होती.

लाकडाला पुन्हा मान मिळवून दिला तो सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कून यांनी. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘नो जाइव्ह’ हा उघडता येणारा लाकडी यो-यो काढला. आसावर चढवलेली लाकडी नळी झिजली की बदलता येई, आणि गाठ पडली तर दोन्ही अर्धे सुटे करून ती सोडवता येई. याच कून यांनी १९९०च्या सुमारास बॉल बेअरिंगचा ॲल्युमिनियम यो-यो बाजारात आणला. लाकडी यो-योची कला उंचावणारा आणि ती मागे टाकणारे यंत्र घडवणारा माणूस एकच असावा, ही या इतिहासातली फार सुंदर गोष्ट आहे.

लाकडी यो-यो परत येतो तो आस आणि दोरी यांच्यातल्या घर्षणाच्या जोरावर. यो-यो टोकाशी फिरत असताना बोटाने हलका हिसका दिला की तो किंचित वर उडतो आणि दोरीवरचा ताण क्षणभर जातो. सैल पडलेली दोरी फिरता आस आणि दोन्ही तबकड्यांच्या आतल्या भिंती यांच्यात धरली जाते. एकदा पहिला वेढा पडला की बाकीची दोरी आपसूक गुंडाळली जाते. आस जाड असेल तर घर्षणाची पकड मोठ्या त्रिज्येवर बसते, फिरकी लवकर मरते, पण यो-यो जोरात परततो. आस बारीक असेल तर स्लीपर लांबतो आणि परतणे आळसावते. फास आसाभोवती एका वेढ्याऐवजी दोन वेढ्यांनी घातला तर पकड एवढी वाढते की स्लीपर जवळजवळ संपतो. वर्षाचा नेम एकेरी फासावरच करावा.

सुरुवातीचे काही आठवडे फेकीतच जातात, आणि ते तसेच जावेत. दोरीचा सरफास मधल्या बोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या सांध्यांमध्ये असतो. तळहात वर, यो-यो पंज्यात उभा, दोरी यो-योच्या वरच्या बाजूने बोटाकडे आलेली. कोपर दुमडून हात खांद्याजवळ येतो, मग झटक्यात खाली जातो आणि मनगट शेवटच्या क्षणी उलगडते. यो-यो बोटांवरून घरंगळत सुटतो, हात लगेच पालथा होतो. सुटताना मनगट जरासे आत किंवा बाहेर वळले तर यो-यो कलतो, दोरी एका भिंतीला घासू लागते आणि फिरकी चार-पाच सेकंदांत संपते. बेअरिंगच्या जड यो-योत एवढी फिरकी साठलेली असते की हाच दोष झाकला जातो. लाकूड काहीच झाकत नाही. त्यात साधारण पन्नास ग्रॅम वजन असते आणि मॅपलची घनता ॲल्युमिनियमच्या जेमतेम चौथा हिस्सा, त्यामुळे फेकीत जेवढे दिले तेवढेच हाती राहते. सरळ फेक शिकायची असेल तर लाकडाइतका चांगला गुरू नाही.

फेक बसली की दोरीकडे लक्ष जाते. दोरी सुतीच हवी. पॉलिस्टर आसाच्या उष्णतेने वितळते आणि लाकडावर चिकट थर सोडते. सूत फार तर काळवंडते. लांबीसाठी जुना नियम पुरेसा आहे: यो-यो जमिनीला टेकवून दोरी बेंबीपर्यंत धरावी आणि बोटाच्या फासासाठी थोडी जास्त ठेवून कापावी. खरा विषय पिळाचा. खेळताना दोरीचा पीळ सतत वाढतो किंवा उतरतो. पीळ चढला की फास आसाला आवळतो आणि यो-यो झोपायच्या आत परततो. पीळ उतरला की फास ढिला पडतो आणि हिसका देऊनही यो-यो टोकाशी लटकतो. उपाय हातातच असतो. यो-यो खाली लोंबकळत ठेवून वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की नेहमीच्या दोरीचा फास सैलावतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की आवळतो. काही महिन्यांनी हे बोटांना न बघता कळू लागते.

आसही बदलत असतो. नवा आस फिकट आणि किंचित खरखरीत असतो, दोरी त्याला धरून ठेवते. रोज खेळला की फासाच्या जागी एक अरुंद पट्टा गुळगुळीत होतो, तपकिरी पडतो आणि तिरप्या उजेडात चमकतो. त्या पट्ट्याशी जुळलेली दोरीसुद्धा टोकाकडे करडी होते, तिचे बारीक तंतू सुटू लागतात. ती तुटण्याची वाट पाहू नये. तंतू सुटलेले दिसले की दोरी बदलावी, नाहीतर भर फेकीत यो-यो सुटून समोरच्याच्या डोक्याला लागू शकतो. चकाकी आलेला आस हे वर्षाचे मोठे धन आहे. ते पैसे देऊन मिळत नाही आणि सँडपेपर मारून घाईने आणताही येत नाही.

ऋतूंचा परिणाम महाराष्ट्रात लपत नाही. कोकणात आणि मुंबईत जूनपासून लाकूड दमट हवा पिऊन फुगते. सूतही दमट होते. मेमध्ये ज्या पिळाला यो-यो निवांत झोपत होता त्याच पिळाला आता परत येतो, म्हणून पीळ थोडा उतरवावा लागतो. हिवाळ्यात, विशेषतः देशावर, हवा कोरडी झाली की लाकूड आकसते आणि उलट दुरुस्ती लागते. यो-यो खिडकीत उन्हात ठेवू नये, तडा जातो. ओला झाला तर तो पुसून सावलीत वाळवावा.

खेळाच्या प्रकारांत सर्वांत मोठा बदल होतो. बेअरिंगवर लांबलचक दोर-गुंफणी शिकलेल्या खेळाडूला दहा सेकंदांत काय करावे ते सुचत नाही. मग ‘वॉक द डॉग’, ‘रॉक द बेबी’, ‘अराउंड द वर्ल्ड’ हे जुने प्रकार नव्याने शिकले जातात. ‘लूप’मध्ये यो-यो तळहातात न घेता मनगटाच्या वळणाने पुन्हा पुढे सोडायचा असतो. ‘शूट द मून’मध्ये तोच यो-यो डोक्यावर सरळ वर जाऊन खाली येतो आणि पुन्हा वर जातो, हा प्रकार वर्षभरात बसला तरी खूप झाले. लाकडाचा खास प्रकार मात्र ‘स्टॉल’. फिरकी संपत आलेला यो-यो झोक्याच्या वरच्या टोकाशी क्षणभर थबकतो आणि हाताच्या हलक्या ओढीने उलट दिशेने दोरी गुंडाळू लागतो. इथे फिरकी साठवायची नसते, ती संपण्याच्या बिंदूवर खेळायचे असते. बेअरिंग नसलेला यो-यो खेळणारी नवी पिढी याच प्रकारावर उभी आहे, आणि बेअरिंगचा, हिसक्याला न परतणारा यो-यो हे करू शकत नाही.

नेम घेणाऱ्याने एकसारखे दोन यो-यो घ्यावेत: एक रोजचा, एक तडा गेल्यास राखीव. भारतात मिळणाऱ्या शोभेच्या लाकडी यो-योत बहुधा दोरी आसाला बांधलेली असते. ती कापून सुती फासाची दोरी घालता येते, मात्र दोन्ही तबकड्या एकसारख्या वजनाच्या आहेत का, ते आधी फिरवून पाहावे. सुती दोऱ्या एकदम भरपूर आणून कोरड्या डब्यात ठेवाव्यात, आणि पहिला महिनाभर सरळ स्लीपरशिवाय दुसरे काहीही खेळू नये.