आळ्याच्या वाटेवर एक ओवी

आमच्या ज्ञानेश्वरी मंडळातल्या बायकांचं आळ्याला जायचं कधीपासून घाटत होतं. पैठणला माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेवर इथे देह ठेवता झाला आणि इथेच त्याला समाधी दिली, अशी श्रद्धा आहे. या खेपेला बरोबर माझी भाची होती. ती मध्ययुगातल्या खगोलशास्त्राच्या इतिहासावर प्रबंध लिहिते आहे.

नारायणगाव आलं. इथून आत खोडदला आणि आसपासच्या शिवारांत मिळून ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. मला राहवेना. म्हटलं, "तुमच्या दुर्बिणी आत्ताच्या गं! सूर्य स्थिर आहे हे माउलींनी १२९० सालीच सांगितलंय, चौथ्या अध्यायात. मंडळात मी दरवर्षी सांगते."

"मावशी, त्याच्या आगेमागे काय आहे?"

सांगायला गेले आणि मीच अडखळले. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं पळताना दिसतात. सूर्य न चालताही चालतोसा वाटतो. तसा ज्ञानी कर्मात असूनही अकर्ता असतो. म्हणजे बोलणं चाललं होतं कर्माचं!

भाची म्हणाली, "नावेचा दृष्टांत आर्यभटानं ४९९ साली दिलाय, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे समजवायला. पण ब्रह्मगुप्तानं ते मानलं नाही. ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनीही पृथ्वी स्थिरच धरली, आणि तरी ग्रहणाचं गणित मांडलं. दृष्टांत सारखा म्हणून सिद्धान्तही तोच, असं मी कसं लिहू?"

मला रागच आला. जिला मांडीवर घेऊन हरिपाठ म्हटला, तीच आता माउलींना कमी लेखते की काय! आळेफाट्यापर्यंत मी बोलले नाही.

समाधीपाशी मात्र तिनं माझ्याआधी डोकं टेकलं. मी बघतच राहिले.

"अगं, आता कसा नमस्कार केलास?"

"नमस्कार करायला पुरावा कशाला लागतो? प्रबंधाला लागतो."

मग पायरीवर बसून दशम्या खाताखाता तिनं चाळीसगावजवळच्या पाटणची हकिगत सांगितली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (योगी चांगदेव वेगळे बरं का!) यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. शके ११२८ चा तिथला शिलालेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील तेव्हाच्या मराठीत. ज्ञानेश्वरीच्या ८४ वर्षं आधीची ही मराठी! पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकानं जुने ग्रंथ धुंडाळून भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीतच लिहिला, १८९६ साली. एवढं खरंखुरं घरात असताना माउलींच्या नावावर न सांगितलेलं कशाला घालायचं, हे मला तिथे पटलं. सगळं नाही, पण पटलं.

घरी आल्यावर मंडळाच्या वहीतलं माझं ते वाक्य खोडलं. पुढच्या बैठकीला त्या ओव्या सलग वाचल्या. दोघीजणी रुसल्या, पण अर्थावर बोलणं मात्र पहिल्यांदाच तासभर रंगलं.

जाणाऱ्या मैत्रिणींनो, पुणे-नाशिक रस्त्यावर आळेफाट्याला उतरा, गाव तिथून जवळच आहे. उन्हाळ्यात सकाळीच निघा. दशम्या आणि पाणी घ्या, आणि घरात एखादी प्रश्न विचारणारी पोर असेल तर तिलाही न्या.